'मग'ची माळ आणि ढासळलेला बुरूज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडल्या की तिसरी ते सहावीच्या वह्यांत एकाच साच्यातून काढलेले निबंध येऊन पडतात. विषय 'माझी दिवाळी' किंवा 'सुट्टीतील अविस्मरणीय प्रसंग'. मजकूर साधारण असा:

"दिवाळीच्या सुट्टीत मी मामाच्या गावाला गेलो होतो. सकाळी लवकर उठलो. मग ब्रश केला. मग अंघोळ केली. मग फराळ केला. मग आम्ही किल्ला केला. मग फटाके उडवले. खूप मजा आली. हा दिवस मी कधीच विसरणार नाही."

खाली लाल शाईत शेरा असतो, 'छान' नाहीतर 'आणखी विस्तार कर'. 'छान'मधून मुलाला काहीच कळत नाही. 'विस्तार कर' तर घातकच, कारण विस्तार म्हणजे आणखी गोष्टी कोंबणे, असाच अर्थ मूल लावते. पुढच्या वेळी 'मग लाडू खाल्ला, मग चकली खाल्ली' अशी भर पडते आणि निबंध ताटातल्या पदार्थांची यादी होऊन बसतो.

मुलांना कल्पनाशक्तीच नाही, मोबाइलने सगळे बिघडवले, अशी ओरड यावर होते. ती पटत नाही. हेच मूल मधल्या सुट्टीत मित्राला सांगते, "अरे, रात्री पाऊस आला ना, आमच्या किल्ल्याचा बुरूजच बसला!" सांगताना ते ब्रशपासून सुरू करत नाही. थेट पावसात उडी मारते, हातवारे करते, दादा काय म्हणाला ते दादाच्या आवाजात म्हणून दाखवते. कुठून सुरू करायचे, कुठे थांबायचे, ऐकणाऱ्याला कशासाठी ताटकळत ठेवायचे, हे सगळे त्याला तोंडी येते. वहीसमोर बसले की मात्र हे सगळे हरवते.

त्याचे कारण आपल्या शिकवण्यात आहे. निबंध म्हणजे प्रस्तावना, मध्य आणि समारोप, एवढेच आपण फळ्यावर लिहून देतो. 'वृक्षांचे महत्त्व' लिहायला ही चौकट बरी आहे. घडलेला प्रसंग सांगायचा असतो तेव्हा 'सुरुवात' म्हणजे दिवसाची सुरुवात आणि 'शेवट' म्हणजे झोपायची वेळ, असे मूल धरून चालते. मग निबंधाची दिनचर्या होते. म्हणून बदल करायचा तर तो आधी विषय देण्यात करायला हवा.

दिवाळी पाच-सहा दिवसांची असते, सहल दिवसभराची. एवढा ऐवज दहा वाक्यांत मावत नाही. मुलाला सांगायचे, एका जागी, फार तर अर्ध्या तासात घडलेले काहीतरी निवड. फळ्यावर 'माझी सहल' लिहिण्याऐवजी चार प्रश्न लिहावेत: काय बिघडले? काय हरवले? कशाची भीती वाटली? कुणाची फजिती झाली? बहुतेकांना लगेच काहीतरी आठवते. काही जण "सर, काहीच घडलं नाही" म्हणतात. त्यांना वाटते, निबंधात लिहायला महाबळेश्वर पाहिलेले असावे लागते. त्यांच्यासाठी प्रश्न बारीक करायचा: चप्पल तुटली का? दूध उतू गेले का? कुत्रे मागे लागले का?

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. 'सुट्टीत कुठे गेला होतात?' हा प्रश्न वाटतो तितका निरागस नाही. ऊसतोडीच्या टोळीबरोबर ज्याचे आईवडील कारखान्यावर निघालेत, त्या मुलाला तो टोचतो. 'कुठे' ऐवजी 'काय झाले' विचारले की कोप, म्हणजे राहायची झोपडी, उभी करताना बांबू कसा निसटला, हेही मामाच्या गावाच्या तोडीचे लेखन ठरते. बहुतेक वेळा सरसच.

प्रसंग निवडला की लगेच वही उघडायची नाही. आधी जोडीत सांगायचे, प्रत्येकी दोन मिनिटे. इथे हमखास घोटाळा होतो: ऐकणारा मध्येच "आमच्याकडे पण ना..." म्हणून स्वतःचे सुरू करतो. त्याला काम देऊन ठेवावे. त्याने शेवटी एकच प्रश्न विचारायचा आणि सांगणाऱ्याने तो पाठकोऱ्या कागदाच्या कोपऱ्यात टिपून ठेवायचा. "पण पाऊस आलाय हे तुम्हाला झोपेत कळलं कसं?" असा प्रश्न आला, तर निबंधात नेमके कुठे भोक आहे ते शिक्षकाने न सांगता सापडले.

मग तोच पाठकोरा कागद लांबीत दोनदा दुमडायचा. उलगडला की चार पट्टे मिळतात. पहिल्यात कुठे, कधी, कोण. दुसऱ्यात काय चालले होते, काय हवे होते. तिसऱ्यात काय बिघडले. चौथ्यात मग काय केले आणि शेवटी हातात काय उरले. किल्ल्याच्या प्रसंगाचे पट्टे असे भरतील:

मामाचे अंगण, धनत्रयोदशीची रात्र, मी, दादा.
बुरूज ओला, मावळे उद्या मांडायचे.
पत्र्यावर टपटप, गोणपाट, बुरूज बसला.
खड्डा, पाणी ओतले, खंदक.

एका पट्ट्यात सहा-सात शब्दांच्या वर जायचे नाही आणि पूर्ण वाक्य लिहायचे नाही. हा नियम कडक पाळावा लागतो. पट्ट्यात वाक्ये लिहिली की मूल तीच वहीत उतरवते आणि लेखन तिथेच संपते. नुसते शब्द असले की वाक्य करायचे काम शिल्लक राहते आणि ते करताना तपशील आठवतो. दुसरी चूक पहिल्या पट्ट्यात होते. तो फुगतो. मामाचे नाव, गावाचे नाव, एसटी किती वाजता सुटली, कोण कुठे बसले. त्यावर उपाय सोपा आहे. लिहायला सुरुवात तिसऱ्या पट्ट्यापासून करायची.

हे ऐकून पालक बिचकतात. मधूनच कसे लिहायचे? पण त्यात गणित आहे. तिसरी-चौथीतल्या मुलाचा हात पंधरा-वीस मिनिटांत भरून येतो. सुरुवातीपासून लिहिले तर हातातला जोर एसटीतच संपतो आणि बुरूज एका वाक्यात ढासळतो. तिसऱ्या पट्ट्याची पाच-सहा वाक्ये आधी लिहून झाली की दुसरा, मग चौथा, आणि सगळ्यांत शेवटी पहिला, तोही एकदोन वाक्यांत. पुष्कळदा असे होते की तिसरा आणि दुसरा लिहून झाल्यावर पहिल्याची गरजच उरत नाही. अंगण आणि दादा आधीच येऊन गेलेले असतात.

वरच्या पट्ट्यांवरून चौथीचे मूल थोड्या मदतीने कुठवर येऊ शकते, त्याचा हा नमुना:

"बुरूज अजून ओला होता, म्हणून मावळे उद्या मांडायचे ठरले. रात्री पत्र्यावर टपटप वाजायला लागले. दादा ताडकन उठून बसला. 'किल्ला!' तो म्हणाला. आम्ही गोणपाट घेऊन अंगणात धावलो. अळीव पेरलेली माती वाहत पायरीपर्यंत आली होती. उजवीकडचा बुरूज खाली बसला होता. मला रडू आले. सकाळी दादाने बुरुजाच्या खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतले आणि म्हणाला, 'हा खंदक.'"

यात 'खूप मजा आली' नाही, 'अविस्मरणीय' नाही, 'निसर्गरम्य' नाही. एकदाही 'मग' नाही.

'मग'विषयी थोडे थांबून बोलायला हवे, कारण तो नुसता बंद करून चालत नाही. 'मग लिहू नका' म्हटले की मुले 'नंतर' लिहितात. 'नंतर' बंद केला की 'त्यानंतर'. आधी मुलाला स्वतःच्या लेखनातले 'मग' मोजायला लावावेत. पेन्सिलने गोल करायचा, आकडा समासात लिहायचा. मग प्रत्येक गोलापाशी विचारायचे, या दोन गोष्टींचे नाते काय? एकामागून एक सहज झाल्या असतील तर क्रियापद 'ऊन' लावून जोडता येते: 'माती चाळून भिजवली.' पहिली झाल्याबरोबर दुसरी झाली असेल तर 'पाऊस येताच' किंवा 'पाऊस आल्याबरोबर'. एक चालू असताना दुसरी मध्ये घुसली असेल तर 'तेवढ्यात', 'इतक्यात'. एकामुळे दुसरी झाली असेल तर 'म्हणून'. असे नाते शोधले की निम्मे 'मग' आपोआप गळतात. राहिलेल्यांपैकी दोन ठेवायला काहीच हरकत नाही. 'मग' हा काही शिवी नव्हे.

'ऊन'ची मात्र चटक लागते. 'उठून, आवरून, खाऊन, बॅग घेऊन, एसटीत बसून आम्ही पोहोचलो' असे वाक्य आले की समजावे, 'मग'ची माळ तशीच आहे, फक्त दोरा बदलला. एका वाक्यात दोन 'ऊन', त्याहून जास्त नाही.

याहून चिवट दोष 'होतो'चा. निबंध 'आम्ही गेलो होतो'ने सुरू होतो आणि मूल तो धागा सोडत नाही: 'आम्ही खेळलो होतो, जेवलो होतो, झोपलो होतो.' वाचताना सगळे फार पूर्वी आटोपलेले वाटते, डोळ्यांसमोर काहीच घडत नाही. व्याकरणातले नाव न सांगता हे समजावता येते. जे आत्ता घडतेय तसे सांगायचे, ते 'धावलो, म्हणाला, ओतले'. आम्ही पोहोचायच्या आधीच जे होऊन गेले होते, तेवढ्यालाच 'होता'. वरच्या नमुन्यात बुरूज 'खाली बसला होता', कारण मुले अंगणात येण्याआधीच तो बसला. दादा मात्र 'उठून बसला', कारण ते बघता बघता झाले. ही एक जोडी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली की तिसरीच्या मुलालाही फरक कळतो.

संवाद दोनच ठेवावेत, तेही छोटे. दहा ओळींचे संवाद लिहायला लावले की निबंधाचे नाटुकले होते. बोलणे लिहिताना मुले अडखळतात ती शुद्धलेखनाच्या धाकाने. 'मी सांगितलं' लिहावे की 'सांगितले'? खरे तर मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतच बोलण्यातल्या अशा रूपांवर अनुस्वार देण्याची सोय आहे. कथन 'सांगितले'ने करावे, पात्राच्या तोंडी 'सांगितलं' घालावे, एवढे सांगितले तरी पुरे. बोलीचेही तेच. आजी घरी 'मह्या लेकरा' म्हणत असेल तर निबंधात तिने 'माझ्या बाळा' म्हणायचे कारण नाही. अवतरणचिन्हांच्या आत आजीची भाषा आजीचीच राहू द्यावी.

कथनातल्या बोलीचे काय, हा प्रश्न जरा अवघड आहे. सोलापूर-अक्कलकोटकडे मूल 'मी भाकरी खाल्लो' असे लिहिते, कारण घरी तसेच बोलतात. प्रमाण मराठीत 'मी भाकरी खाल्ली', 'मी आंबा खाल्ला', असे क्रियापद खाल्लेल्या वस्तूबरोबर चालते. हे शिकवायचेच. पण पहिल्या खर्ड्यात नाही. पहिल्या वाक्यावरच लाल रेघ पडली की मूल पुढची वाक्ये आखूड करते आणि चुकायची भीती असलेले शब्द गाळून टाकते. 'खाल्लो' सुधारते, भाकरी गायब होते. म्हणून पहिल्या वाचनात फक्त क्रम बघावा, भाषा सगळ्यात शेवटी.

आता शेवट. 'हा दिवस मी कधीच विसरणार नाही' हे वाक्य कुठून येते ते सर्वांना माहीत आहे. गाइडमधून, फळ्यावरून, थोरल्या बहिणीच्या वहीतून. त्याचे भावंड म्हणजे 'यातून मला शिकवण मिळाली की...'. कथालेखनात तात्पर्य लिहायची सवय आहे, ती इकडे झिरपते. मुलाला एकच सांगावे: शेवटचे काय दिसले किंवा ऐकू आले, तिथे थांब. खंदक झाला, थांब. आधी मुलांना हे अर्धवट वाटते, "सर, शेवट राहिला" असे ती म्हणतात. जोडीदाराला वाचून दाखवले आणि तो हसला, की अर्धवट वाटायचे बंद होते. पालकांना पटवायला मात्र जास्त दिवस लागतात.

वेळेचे म्हणाल, तर हे सगळे एका तासिकेत होत नाही आणि करूही नये. आठवड्यात ३५ मिनिटांच्या तीन तासिका लागतात. पहिल्या तासिकेत प्रसंग निवडणे, सांगणे आणि पट्टे. दुसऱ्या तासिकेत तिसरा आणि दुसरा पट्टा लिहून काढणे. तिसऱ्या तासिकेत उरलेले पट्टे, सलग वाचन आणि एकच दुरुस्ती. एकच, हे महत्त्वाचे. या आठवड्यात 'मग' तर 'मग', पुढच्या खेपेला 'होतो'. महिन्यात असे एक लेखन धरले तर वर्षाला आठ-नऊ होतात, आणि ते पुष्कळ आहे. आकाराचे माप तिसरीला पाच-सहा वाक्ये, चौथी-पाचवीला दहा-बारा, सहावी-सातवीला पंधरा-वीस. परिच्छेद चौथीपासून शिकवता येतो: जागा किंवा वेळ बदलली की नवी ओळ, थोडी आत सरकवून.

तपासायला वेळ कुणाला आहे, असे विचारले जाईल. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक धरला आहे. तीस वह्या, दर वहीला पाच मिनिटे, म्हणजे अडीच तास. द्विशिक्षकी शाळेत, दोन-तीन वर्ग एकत्र सांभाळून, ऑनलाइन माहिती भरून, हे अडीच तास कुठून काढायचे? म्हणूनच सगळ्या चुका सुधारायचा नाद सोडावा. रोज दहा वह्या, त्यात फक्त ठरलेली एक गोष्ट बघायची आणि समासात शेऱ्याऐवजी एक प्रश्न लिहायचा. 'छान'च्या जागी 'गोणपाट कशावर टाकले?' या पद्धतीत वहीला दीड-दोन मिनिटे लागतात. शिवाय मूल त्या प्रश्नाचे उत्तर खाली लिहूनच टाकते, जे 'छान'खाली कधीच लिहीत नाही. गुण द्यायचेच असतील तर दहापैकी चार क्रमाला, तीन तपशिलाला, दोन वाक्यरचनेला आणि एक शुद्धलेखनाला द्यावा. यावर मतभेद होतील. शुद्धलेखनाला एकच गुण म्हटल्यावर काही सहकाऱ्यांना घाम फुटेल. पण क्रम बसला की शुद्धलेखन पुढे सुधारता येते. नुसते शुद्ध लिहायला शिकलेल्या मुलाला क्रम नंतर शिकवणे फार कठीण जाते.

हे सगळे चौथीत कशाला, दहावीला बघू, असे म्हणणाऱ्यांसाठी: दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत आणि त्यात प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन यांपैकी एकाला ८. प्रसंगलेखनात एखाद्या समारंभाची चौकट दिलेली असते आणि तुम्ही तिथे हजर होता अशी कल्पना करायची असते. पाठ केलेला 'पारितोषिक वितरण समारंभ' तिथे ओतला जातो: पाहुण्यांचे आगमन, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, भाषणे, आभार. म्हणजे पुन्हा दिनचर्याच, फक्त ब्रशच्या जागी दीपप्रज्वलन. अर्धा तास निवडायची सवय असलेले मूल तिथे लिहील की पाहुणे आले तरी समईची वात भिजेना आणि शिपाईकाका तेलाची बाटली शोधत होते.

शेवटी दोन मागण्या. पहिली निबंध स्पर्धा भरवणाऱ्यांना. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला गावोगाव स्पर्धा होतात आणि चौथीच्या मुलांना 'मराठी भाषेचे महत्त्व' यावर पाचशे शब्द मागितले जातात. ते घरातले मोठे माणूस लिहून देते आणि बक्षीसही त्यालाच मिळते, हे परीक्षकांना ठाऊक असते. तिसरी ते पाचवीच्या गटासाठी 'काहीतरी सांडले', 'वीज गेली तेव्हा', 'मी चुकीच्या एसटीत बसलो' असा अरुंद विषय द्यावा, दीडशे शब्दांची मर्यादा ठेवावी आणि लेखन शाळेतच, पर्यवेक्षकासमोर करून घ्यावे.

दुसरी मागणी आपल्याकडे. आपल्या बालपुरवणीत मुलांचे निबंध छापून येतात तेव्हा ते मोठ्यांच्या हाताने साफसूफ होऊन येतात, हे कोणताही शिक्षक पहिल्या वाक्यात ओळखतो. 'सुवर्णकिरणांनी न्हाऊन निघालेली सकाळ' चौथीतल्या मुलाच्या पेनातून उतरत नाही. आठवड्यातून एक निबंध तरी मुलाच्या भाषेत, त्याच्या दुमडलेल्या कागदाच्या फोटोसह छापावा. चार पट्टे, खोडलेले शब्द, कोपऱ्यात जोडीदाराचा प्रश्न, आणि शेजारी पक्का निबंध. तो कागद कितीतरी शिक्षक कापून वर्गाच्या भिंतीवर लावतील.

कळावे,
एक भाषाशिक्षक, जि. सोलापूर